रिकाम्या क्लिपवरचा आकडा

प्रिती गमरे आमच्या ऑफिसात आली त्याच आठवड्यात तिने कॉफीच्या मशीनवर चिकटवलेला कागद फाडून टाकला. ‘मशीन अडकल्यास प्लग काढून परत लावा’ एवढंच त्यावर लिहिलं होतं. मी कप घेऊन तिथेच उभा होतो. म्हटलं, “अगं, त्याने चालू होतं की.”

“होतं ना. मग अडकतं कशामुळे, ते कोण बघणार? तू?”

अशी आमची ओळख झाली. मी दीपक घाडी, राहणार लालबाग. मी टेस्टिंगला होतो. म्हणजे इंजिनियर लोक जे बनवतात ते मोडून दाखवायचं काम माझं. लोअर परळच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये आमची कंपनी होती. दमेकरी, फुफ्फुसाचे पेशंट यांनी घरी वापरायचं यंत्र आम्ही बनवत होतो. बोटाला एक क्लिप लावायची, क्लिपची वायर छोट्या स्क्रीनला, आणि स्क्रीनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. आकडा खाली गेला की यंत्राने बोंब मारायची. बॅटरी टिकावी म्हणून ते मधल्या वेळात झोपायचं, ठरलेल्या वेळी स्वतः उठायचं, मोजायचं, परत झोपायचं. हे झोपणं-उठणं प्रितीच्या हातात होतं.

ती परळच्या चाळीतली. वडील भिवा गमरे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर फिटर होते. भांडखोर म्हणून प्रसिद्ध. भांडले म्हणून बढती अडली आणि बढती अडली म्हणून पुन्हा भांडले. आई चंपाबाईंनी या बापलेकीचे आवाज ऐकत ऐकत आयुष्य काढलं. प्रिती डिप्लोमाला असताना तिला लॅमिंग्टन रोडवरून एक जुना लॅपटॉप मिळाला. चांगला चालायचा. फक्त झाकण मिटलं आणि परत उघडलं की वायफाय गायब. दुकानदार म्हणाला, रिस्टार्ट मारो. कॉलेजातले सर म्हणाले, रिस्टार्ट कर. मित्र म्हणाले, झाकण मिटूच नकोस ना.

“सगळे मला तेच सांगत होते,” ती मला म्हणाली होती, “आणि प्रत्येक वेळी माझं डोकं जास्त तापत होतं. यंत्र झोपतं आणि अर्धवट उठतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही?”

मग ती कर्नेल वाचायला लागली. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्यात तळाशी चालणारा प्रोग्राम, ज्याच्या हुकमावर आतले सगळे भाग हलतात. त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. पोरगी तो वाचत बसली. परदेशातल्या अनोळखी लोकांना ईमेल पाठवून प्रश्न विचारले, त्यांची तुटक उत्तरं गिळली आणि शेवटी दोष शोधला. तिची दुरुस्ती त्या लोकांनी घेतली, तिच्या नावासकट. भिवाकाकांना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे आता तुझा लॅपटॉप उठतो?”

“माझाच नाही. त्या मॉडेलचे जगात आहेत तेवढे सगळे.”

त्यानंतर भिवाकाका मरेपर्यंत चाळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माझी पोरगी लॅपटॉप उठवते.

तिचं काम तिने मला फळ्यावर काढून समजावलं होतं. आता गोष्ट ज्याच्यामुळे घडली तेच हे, म्हणून सांगतो. यंत्र झोपतं म्हणजे आतला एकेक भाग झोपतो. त्याला क्रम असतो. घरात कार्य असलं की पाहुणे आडवे झाल्याशिवाय घरची बाई पाठ टेकत नाही, आणि सकाळी पाहुणे उठायच्या आत तिची चूल पेटलेली असते. तसंच इथे. ज्याच्या जिवावर दुसरा चालतो त्याने शेवटी झोपायचं आणि उठताना पहिलं उठायचं. आता अडचण अशी, की कोण कुणाच्या जिवावर आहे हे कर्नेलला सांगावं लागतं. वायर कुठून कुठे गेली ते त्याला आपणहून दिसत नाही.

कर्नेलकडे यंत्रातल्या भागांची यादी झाडासारखी, फांद्याफांद्यांची असते. आमच्या यंत्रात ऑक्सिजनचा सेन्सर एका फांदीवर होता आणि त्याला वीज देणारी चिप भलत्याच दुसऱ्या फांदीवर. सेन्सर त्या चिपच्या जिवावर आहे, हे कर्नेलला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी चालत होतं. कारण सगळे भाग एकामागून एक उठत होते आणि रांगेत ती चिप योगायोगाने पुढे होती. निव्वळ नशीब.

मग हर्षवर्धनला घाई झाली. हर्षवर्धन आमचा प्रॉडक्टचा मुख्य. इंग्रजी गुळगुळीत, बूट त्याहून गुळगुळीत. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला यंत्र न्यायचं होतं आणि ते उठायला वेळ लावत होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, सगळे भाग एकामागून एक न उठवता एकदमच उठवता येतात. तशी सोय कर्नेलमध्ये आहेच. फक्त चालू करायची.

“चालू करायची असेल तर आधी नाती सांगावी लागतील,” प्रिती मीटिंगमध्ये म्हणाली. “कुणाची वीज कुठून येते, प्रत्येक चिपचं तपासते मी. नाहीतर सेन्सर त्याच्या विजेच्या आधी उठेल आणि अंधारात चाचपडत बसेल.”

“डेमोनंतर करू.”

“मग एकदम उठवणंही डेमोनंतर करू.”

“प्रिती, प्लीज. आत्ता चालतंय ना?”

नाती न सांगताच एकदम उठवणं चालू केलं आणि डेमो झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणे, हॉस्पिटलच्या पेशंटांवर ट्रायल सुरू होऊ दे, नंतर. टेस्टिंगमध्ये माझ्याकडे अधूनमधून सेन्सर उठायचा नाही. मी नोंदवलं. दोन दिवसांनी बघतो तर हर्षवर्धनने ती तक्रार बंद केलेली. शेरा काय, तर ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही.’ अरे, कधीकधी घडतं असंच तर मी लिहिलंय! प्रितीने वर लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. आणि यंत्रं पेशंटांच्या घरी गेली.

त्यातलं एक आमच्याच गल्लीत आलं.

आमच्या समोरच्या चाळीत कमळाबाई राहतात. मी त्यांना काकी म्हणतो. आयुष्यभर घरगुती मसाले भाजून दिले त्यांनी लोकांना, त्यात छातीचा पार भुगा झाला. मुलगी नलूताई त्यांचं सगळं करते. हॉस्पिटलने घरी सोडताना यंत्र दिलं, क्लिप लावायला शिकवलं आणि सांगितलं, आकडा हिरवा आहे तोवर घाबरायचं नाही.

त्या दुपारी काकींना जेवण जाईना. नंतर बोलणंही जमेना. नलूताईने यंत्र बघितलं. आकडा शहाण्णव, हिरवा. तिने पंखा वाढवला, पाठ चोळली. पुन्हा बघितलं. शहाण्णव. काकींचे ओठ जांभळे पडायला लागले तरी शहाण्णव. तेव्हा मात्र नलूताईने यंत्राला एक शिवी घातली, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि काकींना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. हॉस्पिटलात पोचल्यावर तिथल्या क्लिपवर आकडा आला सत्तरच्याही खाली.

काकी वाचल्या. डॉक्टरांनी कंपनीला विचारलं, असं कसं झालं? कंपनीने बघितल्यासारखं केलं आणि कळवलं, क्लिप नीट बसवलेली नव्हती. वापरणाऱ्याची चूक. डॉक्टर नलूताईला सगळ्या वॉर्डासमोर बोलल्या.

मला हे कळलं काकी घरी परत आल्यावर. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी प्रितीला सांगितलं. ती डबा उघडत होती. झाकण तसंच परत लावलं.

“कोण म्हणालं, क्लिप नीट नव्हती?”

“कंपनीने कळवलंय हॉस्पिटलला.”

“यंत्र कुणी तपासलं?”

“कुणी नाही. ते अजून त्यांच्या घरीच आहे.”

“चल.”

“आत्ता? दुपारी रिव्ह्यू आहे.”

“खड्ड्यात गेला रिव्ह्यू. चल.”

नलूताईने दार उघडलं, प्रितीच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं आणि माझ्यावर उखडली. “दीपू, ह्यांका कशाक आणलंस? परत माझीच चूक सांगूक?”

“ताई, मला फक्त यंत्र बघू द्या,” प्रिती म्हणाली. “आणि तुमचं बोट द्या.”

काकी कॉटवर पडल्या होत्या, नाकात नळी. नलूताईने बोट दिलं. आकडा आला, अठ्ठ्याण्णव. प्रितीने यंत्राला झोपू दिलं, मग क्लिप काढून टेबलावर ठेवली आणि उठायची वाट बघत बसली. यंत्र उठलं. स्क्रीनवर नुसत्या रेघा. बरोबर. बोट नाही तर आकडा नाही. पुन्हा बोट, पुन्हा झोप, पुन्हा रेघा. पुन्हा. पुन्हा. नलूताई कंटाळली. “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली. मी म्हटलं, प्रिती, राहू दे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि मग झालं. क्लिप टेबलावर पडलेली, आत काही नाही, हवा. यंत्र उठलं. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव. हिरवं.

नलूताई चहाचे कप घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली. तिने क्लिपकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

“हे कुणाचं?”

“कुणाचंच नाही,” प्रिती म्हणाली. “सेन्सर मेलाय. उठताना त्याला वीज मिळाली नाही म्हणून त्याने हाय खाल्ली. नवीन आकडा येत नाही म्हणून स्क्रीन जुनाच दाखवतोय. त्या दिवशी तुम्ही बघत होतात तो आकडाही असाच आधीचा कधीतरीचा असणार. क्लिप तुम्ही बरोबर लावली होती, ताई.”

नलूताईने कप खाली ठेवले. आम्हाला वाटलं आता रडेल.

“तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?”

प्रितीने यंत्र बंद केलं. मग म्हणाली, “असं होऊ शकतं हे ठाऊक होतं. मी सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“वरती.”

“वरती सांगितलंत. आणि मग घरी जाऊन जेवलात.” नलूताईचा आवाज फाटला. “मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यात, बाई! मला वाटलं, माझ्या हाताने मी माझ्या आईला मारत होते. शहाण्णव बघून पंखा वाढवत बसले होते मी! तुम्हाला ठाऊक होतं तर ही वस्तू आमच्या घरात आली कशी?”

मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो. प्रितीने हाताने थांबवलं.

कॉटवरून काकींचा बारीक आवाज आला. “गो नलू, चाय दी त्यांका. घराक इलेल्या माणसांवर ओरडतंस कशाक?”

“तू गप रव, आये!”

चहा कुणीच प्यायला नाही. प्रिती उठली, यंत्र पिशवीत टाकलं आणि नमस्कार करून निघाली. खाली मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटणं चालू होतं. मी शिंकून शिंकून बेजार. ती कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, “दीपक, हर्षवर्धनचा मला राग आहेच. पण ती बाई जे बोलली ते खरं आहे, त्याचा जास्त राग येतोय. मी लिहून कळवलं आणि गप्प बसले. लिहून कळवलं की आपण सुटलो, असं मला कुणी शिकवलं?”

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिने यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं.

“हर्षवर्धन, बोट द्या.”

तो हसला. सगळ्यांकडे बघून खांदे उडवले, बोट दिलं. नव्व्याण्णव आकडा आला. “फिट आहे मी,” तो म्हणाला. दोघेतिघे हसले. यंत्र झोपलं. “काढा आता.” उठलं, रेघा. असं होत राहिलं. तो फोन बघायला लागला. घड्याळ बघायला लागला. “प्रिती, वुई हॅव अ हार्ड स्टॉप,” म्हणाला, म्हणजे मीटिंग वेळेत संपवायची होती. ती म्हणाली, “बसा.” नेहमीच्याच आवाजात, पण तो बसला.

शेवटी क्लिप रिकामी असताना नव्व्याण्णव आलं. हर्षवर्धनचे दोन्ही हात तेव्हा खिशात होते.

“तुमचा हात खिशात आहे,” प्रिती म्हणाली. “मग हे कुणाचं रक्त मोजतंय यंत्र? टेबलाचं?”

हर्षवर्धनने घसा साफ केला. “ओके. एज केस आहे, क्वचित घडणारी. असं कर, उठल्यावर सेन्सरला थोडं थांबायला सांग. अर्धा सेकंद. आजच टाक, उद्या सगळ्या यंत्रांना अपडेट पाठवू.”

“अर्धा सेकंद कुठून काढलात?”

“काय?”

“अर्धाच का? पाव का नाही, एक का नाही? बॅटरी उतरलेली असली की त्या चिपला उठायला किती वेळ लागतो, तुम्ही मोजलंय? थांबवून हे बरं होणार नाही, कमी दिसेल फक्त. कमी दिसलं की तुम्ही म्हणणार, गेलं. मी कर्नेलला नातं सांगते. सेन्सर ह्या चिपच्या जिवावर आहे, एवढंच. मग ती उठेपर्यंत तो आपणहून थांबेल, लागेल तेवढा वेळ. आणि स्क्रीनने शिळा आकडा दाखवायचा नाही. ते काम होईपर्यंत घराघरांतली यंत्रं परत मागवा. आज.”

“परत मागवली की ट्रायल संपली. कळतंय का तुला?”

“माणूस संपला असता. ते कळतंय का तुम्हाला? आणि नलूताईंना फोन करून सांगा, चूक त्यांची नव्हती.”

“ते लीगल बघेल.” त्याने लॅपटॉप मिटला. उठता उठता म्हणाला, “तुम्हा लोकांचं हेच असतं. प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो.”

तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं तो काय बोलला ते. प्रितीच्या टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो असतो, तोही सगळ्यांनी रोज बघितलेला.

“तुम्ही लोक म्हणजे कोण?” तिने विचारलं.

“म्हणजे… यू नो, कर्नेलवाले.”

“कर्नेलवाली इथे मी एकटी आहे. लोक कुठून आले?”

तो लाल झाला आणि बाहेर पडला. बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड घालून बसले. मीही त्यातच होतो, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या एका पोराकडून त्याने अर्ध्या सेकंदाचा थांबा टाकून घेतला. प्रितीची दुरुस्ती तयार होती, ती घेतली नाही. मी नवीन व्हर्जन टेस्ट केलं. सेन्सर मरायचा कमी झाला होता, पण मरत होता. विशेषतः बॅटरी उतरलेली असताना, अगदी ती म्हणाली तसंच. मी नोंदवलं. तक्रार पुन्हा बंद. शेरा तोच. मी तो शेरा प्रितीला दाखवला तेव्हा तिने हातातलं पेन असं काही दाबलं की त्याचं टोपण तडकलं.

त्या दिवशी ती घरी गेली आणि आईसमोर बसून सगळं बोलली. हे मला पुढे चंपाबाईंनीच सांगितलं. बोलताना प्रिती सारखं सस्पेंड, सस्पेंड म्हणत होती, म्हणजे यंत्राला झोपवणं. चंपाबाई घाबरल्या. “अगं पण तुला सस्पेंड का केलं?”

“मला नाही गं, यंत्राला!”

“यंत्राला कशाला सस्पेंड करतात? चूक तर त्या माणसाची आहे.”

प्रितीला रागातही हसू फुटलं म्हणे. मग तिने विचारलं, आई, डॉक्टरांना जाऊन सांगितलं तर माझी नोकरी जाईल. सांगू?

चंपाबाई म्हणाल्या, “मला विचारतेस? तुझा बाप असता तर आत्तापर्यंत दोनदा सांगून आला असता.”

ट्रायल बघणाऱ्या डॉक्टर होत्या रश्मी मॅडम. प्रिती सकाळी त्यांच्या ओपीडीच्या रांगेत पेशंटसारखी नंबर घेऊन बसली. मी बरोबर होतो. नंबर आल्यावर तिने यंत्र टेबलावर ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. कुठे कंपनीला शिवी नाही, कुठे स्वतःची बाजू नाही. सेन्सर, वीज, क्रम, शिळा आकडा. बॅटरी मुद्दाम उतरवून आणली होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही. रिकाम्या क्लिपवर आकडा आला.

डॉक्टरांनी रिकामी क्लिप उचलून आत बघितलं.

“त्या मुलीला मी काय बोलले, माहितीये तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “हलगर्जीपणा म्हणाले. आईच्या जिवावर उठलीस म्हणाले. तुमच्या कंपनीने लिहून दिलं म्हणून!” त्यांनी हातातली फाइल टेबलावर आपटली. बाहेरच्या सिस्टर आत डोकावल्या. “आणि तुम्ही आज येताय?”

“हो. उशीर झालाय,” प्रिती म्हणाली.

“बाकीच्या घरांत ही यंत्रं आत्ता चालू आहेत?”

“आहेत. आत्ता या क्षणी.”

डॉक्टरांनी उरलेले पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले आणि स्वतः फोन घेऊन बसल्या. एकेका घरी फोन. यंत्र बंद करा, त्यावर विश्वास ठेवू नका, पेशंटला घेऊन या. संध्याकाळपर्यंत ट्रायल थांबली. नलूताईलाही त्यांनी फोन लावला होता. तिने नंबर बघून उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात प्रितीचं कार्ड चालेना. सिक्युरिटीचा माणूस तिला रोज ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायचा, तो बिचारा नजर चुकवत उभा. वरून एचआरची बाई खाली आली. गोपनीयतेचा भंग वगैरे बोलली. प्रितीने विचारलं, “कुणाची गोपनीयता? त्या आकड्याची?” बाईने एक कागद पुढे केला. प्रितीने तिथेच लॉबीत उभ्याउभ्या तो मोठ्याने वाचला, शब्दन् शब्द. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते. मग म्हणाली, “यात एक ओळ राहिली. कमळाबाई जिवंत आहेत.” आणि निघून गेली. बाबासाहेबांचा फोटो आणि डबा मी नंतर तिच्या घरी पोचवला.

मी आणखी काही महिने तिथेच राहिलो, म्हणून पुढचं मला माहीत आहे. यंत्रं परत आली. अर्ध्या सेकंदाचा थांबा गुपचूप काढला गेला आणि प्रितीची दुरुस्ती जशीच्या तशी आत गेली. स्वल्पविरामसुद्धा तोच. वर नाव दुसऱ्याचं. तिने कोडात एक ओळ लिहून ठेवली होती, इथे थांबा टाकू नये म्हणून. तेवढी मात्र खोडली होती. पुढे हर्षवर्धनने इंटरनेटवर लेख लिहिला, आमच्या दर्जाच्या संस्कृतीमुळे आम्ही एक खोल दोष वेळीच कसा पकडला म्हणून. खाली शेकड्यांनी अभिनंदनं. मी तो प्रितीला फोनवर वाचून दाखवला. ती दादरच्या बाजारात होती. तिने काय शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, पण तिच्यासमोरच्या भाजीवालीने ‘कुणाला एवढं बोलतेस गं?’ असं विचारलेलं मला ऐकू आलं.

नंतर हर्षवर्धनचाच तिला फोन आला. मी तेव्हा तिच्या घरी होतो. त्यांना आता दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं होतं आणि जुनं प्रकरण आडवं येत होतं. म्हणाला, “एक छोटं स्टेटमेंट दे. तुझा तांत्रिक गैरसमज झाला होता, एवढंच. आम्हीही मग तुझं रेकॉर्ड साफ करू. विन-विन.”

“माझा गैरसमज झाला होता, खरं आहे,” प्रिती म्हणाली. “मला वाटलं होतं, तुम्हाला सेन्सर कळत नाही. तुम्हाला सगळं कळत होतं.” आणि फोन ठेवला. पाणी प्यायली. मग रिकामा पेला जमिनीवर इतक्या जोरात ठेवला की चंपाबाई आतून म्हणाल्या, “पेल्याने काय केलंय?”

कमळाकाकी बऱ्या आहेत. नलूताई आता मेडिकलमधली साधी क्लिप वापरते, तीही आधी आईचे ओठ बघून मग. मध्ये एकदा मला जिन्यात अडवून म्हणाली, “तुझ्या त्या मॅडमना सांग, माझा राग गेला नाय. पण सांगायला तीच आली. बाकी कोण आला?” मी तसंच्या तसं सांगितलं. प्रिती म्हणाली, “राग जाऊच नये तिचा.”

प्रितीला बरेच दिवस काम मिळालं नाही. मुंबईत ह्या कामाची माणसं थोडी, कंपन्या त्याहून थोड्या, आणि सगळे एकमेकांना ओळखतात. शेवटी प्रभादेवीला, ट्रेनचे सिग्नल वगैरे बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली. कामाचं सगळं विचारून झाल्यावर त्यातला वयस्कर माणूस चष्मा पुसत म्हणाला, “आधीच्या ठिकाणी तुमचं भांडण झालं होतं, असं ऐकलं.”

“झालं होतं.”

“इथे होणार नाही ना तसं?”

“तुम्ही तसं काम केलंत तर होईल,” ती म्हणाली.

तिला वाटलं, गेली ही नोकरी. पण त्यांनी घेतलं. परवा भेटली होती. नव्या साहेबाने एका दोषावर ‘सध्या चालतंय, नंतर बघू’ असं लिहिलंय म्हणे. ते सांगताना तिच्या मानेची शीर तटतटून उभी होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? उद्या सकाळी त्याच्या दारात उभी राहणार आहे.”

जाताना तिने माझ्या हातातला वडापाव अर्धा तोडून घेतला आणि खातखातच रस्ता ओलांडला.